कॅमेऱ्याला मनाई, मोबाइलला मोकळं रान: संगीत महोत्सवांच्या आयोजकांना खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या शास्त्रीय संगीत महोत्सवांच्या आयोजकांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी पहाटेपासून फेब्रुवारी सरेपर्यंत तुम्हाला उसंत नसते. मंडप, वीज, कलाकारांच्या गाड्या, रात्री दहाचं बंधन आणि सोफ्याचे पास मागणारे नातेवाईक. यातून हे पत्र वाचायला कितपत सवड होईल ठाऊक नाही, म्हणून मागणं आधीच सांगून टाकतो. ‘लेन्स बदलता येणारे कॅमेरे आत नेण्यास सक्त मनाई’ अशी ओळ तुमच्यापैकी बरेच जण अलीकडे तिकिटावर किंवा दारातल्या फलकावर छापता. ती काढा. तिच्या जागी कॅमेरा कुठे बसून, केव्हा आणि कसा वापरायचा याचे नियम छापा. हवे तेवढे कडक छापा.

मी नोकरी करतो, फोटोग्राफी हौसेची. गाणं शिकलो नाही, ऐकत मात्र लहानपणापासून आलो. असे लोक गावोगाव आहेत. कोणी बँकेत, कोणी शाळेत, एखादा दातांचा डॉक्टर. आमच्याकडे पत्रकाराचा पास नसतो, आम्हाला कोणी पैसे देत नाही आणि तिकीट आम्ही रांगेत उभं राहून काढलेलं असतं.

गेल्या हंगामात एका महोत्सवाच्या दारात सुरक्षारक्षकाने माझी बॅग उघडली, कॅमेरा पाहिला आणि म्हणाला, “प्रोफेशनल कॅमेरा चालत नाही.” नाव घेत नाही, कारण हे एका ठिकाणचं नाही. वाद घालण्यात अर्थ नव्हता, त्या पोराला तेवढंच सांगितलेलं होतं. कॅमेरा टेबलाखाली ठेवून, चिठ्ठी घेऊन आत गेलो. बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतलं मुख्य गाणं, नुकताच सुरू झाला होता आणि पुढच्या ओळींमध्ये मोबाइल वर झाले होते. पूर्ण उजेडात उघडे पडदे, मागच्यांच्या डोळ्यांत. एक काकू व्हिडिओ कॉलवर परदेशातल्या कोणाला तरी मारवा राग दाखवत होत्या. ऐकवत होत्या असं म्हणवत नाही, कारण मध्येमध्ये त्याही बोलत होत्या. एका गृहस्थांचा फ्लॅश आपोआप उडाला, ते दचकले, आणि पुन्हा उडाला. तुमचे स्वयंसेवक शेजारीच उभे होते. नियम कॅमेऱ्यापुरता होता, त्यामुळे त्यांना काही करायचंच नव्हतं.

यात कायद्याची एक गंमत आहे, ती तुमच्या समितीतल्या वकिलांना जरूर विचारा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराचे स्वतःचे हक्क आहेत, आणि २०१२ च्या दुरुस्तीने ते आणखी पक्के झाले. आपल्या सादरीकरणाचं ध्वनिमुद्रण किंवा चित्रमुद्रण करू द्यायचं की नाही, ते लोकांपर्यंत पोचवू द्यायचं की नाही, हे कलाकाराने ठरवायचं. स्वतःपुरतं केलेलं मुद्रण कायदा खपवून घेतो. तेच यूट्यूबवर चढवलं की मामला बदलतो. पण कायद्याच्या व्याख्येत चित्रमुद्रण म्हणजे हलत्या चित्रांचं मुद्रण. स्थिर छायाचित्र त्यात येत नाही. म्हणजे ज्या गोष्टीने कलाकाराच्या हक्काला खरोखर धक्का लागू शकतो, ती तुमच्या मंडपात शेकडो हातांत बिनबोभाट चालू असते, आणि जिला तो कायदा हात लावत नाही ती टेबलाखाली चिठ्ठी लावून पडलेली असते.

जागा तुमची, अटी तुमच्या, हे मान्य आहे. तिकीट घेणाऱ्यावर अट घालायचा अधिकार तुम्हाला आहेच. माझं म्हणणं एवढंच की अट त्रास देणाऱ्या वागण्यावर असावी. लेन्स निघते की निघत नाही यावर त्रास ठरत नाही.

त्रास कशाने होतो ते बघू. पहिला फ्लॅश. कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या छोट्या फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे ताकदीचं माप, साधारण बारा असतो. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि एफ (लेन्सचं छिद्र) ४ ला त्याचा उजेड जेमतेम तीन मीटर जातो. मोबाइलच्या दिव्याची मजल त्याहून कमी. विसाव्या ओळीतून उडवलेल्या फ्लॅशने रंगमंचावर काहीच पडत नाही, उजळून निघतं ते पुढच्या माणसाचं टक्कल. मैफलीत फोटो काढणारा जाणता माणूस फ्लॅशला हातच लावत नाही. एफ १.८ ची पन्नास किंवा पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स, आयएसओ ३२००, शटर सेकंदाच्या एकशेपंचविसाव्या भागाच्या आसपास, आणि हात स्थिर. पन्नासची एफ १.८ लेन्स बहुतेक कंपन्यांच्या यादीत सगळ्यात स्वस्त लेन्सांपैकी असते. तिला ‘प्रोफेशनल’ म्हणताना मला जरा हसू येतं.

दुसरा आवाज. जुन्या डीएसएलआरमध्ये प्रत्येक फोटोला आतला आरसा वर आपटतो आणि खाली येतो. शांत सभागृहात तो आवाज चार ओळींपर्यंत ऐकू जातो आणि तो खरोखर असह्य असतो. तिथे मी तुमच्याच बाजूला आहे. पण आरसा नसलेल्या आजच्या कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटर असतं, त्याला आवाजच नाही. फोकससाठी पुढे लागणारा लालसर दिवा बंद करता येतो. मागचा पडदा बंद ठेवून डोळा कॅमेऱ्याच्या खिडकीला लावून काम होतं. हे सगळं केलेला माणूस शेजारी बसून फोटो काढतोय हे तुम्हाला कळणारही नाही.

तिसरा त्रास हालचालीचा, आणि तो सगळ्यात वाईट. इथे मात्र दोष बऱ्याचदा वर्तमानपत्रांच्या पासवाल्यांचा. गळ्यात ओळखपत्र घातलेले चार-पाच जण रंगमंचापुढे वाकून इकडून तिकडे जातात, पहिल्या दहा मिनिटांत हवा तो एक फोटो मिळवतात आणि छापायच्या वेळेच्या धाकाने निघून जातात. त्यांची नोकरी तशी आहे, त्यांना नावं ठेवत नाही. पण ही पहिली दहा मिनिटं त्यांना देणारे तुम्ही आहात.

पाश्चात्त्य रॉक मैफलींमध्ये एक जुना रिवाज आहे: पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही, मग छायाचित्रकारांनी बाहेर. तिथे तो चालतो. पहिल्याच गाण्याला दिवे, धूर, उड्या, सगळं असतं. आपल्याकडेही काही ठिकाणी ‘सुरुवातीची दहा मिनिटं’ असा त्याचाच भाऊ आणला गेलाय, आणि ख्यालासाठी तो साफ उलटा आहे. ख्यालाची सुरुवात म्हणजे सगळ्यात नाजूक वेळ. गायक सूर लावतोय, सभागृहाचा अंदाज घेतोय, षड्जावर, म्हणजे ‘सा’वर, स्थिरावतोय. त्याला त्या वेळी समोर कोणीही हलायला नको आहे. चेहरासुद्धा तेव्हा मिटलेला असतो. तो उघडतो पुढे, बढत (रागाचा टप्प्याटप्प्याने विस्तार) होत होत, ताना सुरू झाल्या की, द्रुत बंदिशीत, तराण्यात. म्हणजे नाजूक घटका तुम्ही छायाचित्रकारांच्या हवाली करता आणि गाणं रंगात आलं की त्यांना हाकलता. हे उलटं करा. आलापीत कॅमेरे खाली. मध्यलय सुरू झाली की वर.

आता थोडं मैफलीतल्या फोटोच्या तंत्राबद्दल, कारण हौशी माणूस का उपयोगी पडतो ते त्यावरून कळेल. उदाहरण विलंबिताचं, म्हणजे संथ लयीचं, घेतो; माझ्या नियमाने तिथे कॅमेरा खालीच राहील, पण तालाचं गणित तिथे सोपं दिसतं. विलंबित एकतालाची (बारा मात्रांच्या तालाची) लय खूप खाली असेल तर एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, मिनिटभर चालतं. ज्याला ताल कळत नाही तो त्या मिनिटात पन्नास फोटो काढतो आणि सगळे अधलेमधले येतात: तोंड अर्धवट उघडं, डोळे अर्धवट मिटलेले. ज्याला ताल कळतो तो ठेका मोजत बसतो. दहावी, अकरावी, बारावी मात्रा. गायक मुखड्याकडे (बंदिशीच्या सुरुवातीच्या शब्दांकडे) वळला, हात उचलला, आणि समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, मान तबलजीकडे गेली. तो एक फोटो. त्याच क्षणी सभागृहातून ‘वा!’ येते, तेव्हा आवाज करणारं शटर असलं तरी त्या दादेखाली झाकलं जातं. दाद जिथे पडते तिथेच फोटो असतो आणि तिथेच आवाजाला आडोसा असतो. मैफलीच्या छायाचित्रणातलं मला उमगलेलं सगळं शहाणपण जवळजवळ एवढंच आहे.

समेच्या त्या नजरेसाठी जागा महत्त्वाची. तबला बहुधा गायकाच्या उजव्या हाताला असतो, म्हणजे प्रेक्षकांच्या डाव्या अंगाला. गायक समेला तिकडे पाहतो. त्यामुळे सभागृहाच्या डाव्या कडेला बसलेल्याला त्याचा पूर्ण चेहरा मिळतो. उजव्या कडेने संवादिनीवाला (हार्मोनियमवादक) जवळून मिळतो आणि पलीकडे तबलजीचे हात. मधोमध, अगदी पुढे, जिथे पासवाल्यांना उभं केलं जातं, तिथून खरं तर काहीच धड मिळत नाही. रंगमंच उंच, त्यावर गादी, पुढे मॉनिटर स्पीकर आणि झेंडूची आरास. दिसतं ते नाकपुड्या, माइकचा दांडा आणि गायकाच्या डोक्यातून उगवल्यासारखी तानपुऱ्याची मान. फूटभर बाजूला सरकलं की ती मान डोक्यातून निघते. पण सरकायला जागा हवी.

म्हणून कोपरा द्या. डाव्या कडेला, खुर्च्यांच्या रांगेपलीकडे, पाच-सहा माणसं जमिनीवर बसतील एवढा. बसायचं, उठायचं नाही, राग संपेपर्यंत जागा सोडायची नाही. प्रत्येक सत्राला नोंदणी करून वेगळी माणसं. त्यासाठी वेगळे पैसे घेतलेत तरी चालेल.

यात तुमचा काय फायदा? जुने गवई आठवा. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले, अल्लादियाखाँसाहेब १९४६ मध्ये. त्यांचे जे फोटो आपण पिढ्यान्‌पिढ्या भिंतींवर पाहतो, ते समोर बघत ताठ बसलेले. त्या काळी फोटो ज्यांवर उतरे त्या काचा प्रकाशाला मंद होत्या, माणसाला निश्चल बसवावंच लागे. गाताना ही माणसं कशी दिसत, हात कसा फिरे, समेवर कोणाकडे बघत, हे त्या फोटोंतून आपल्याला कधीच कळणार नाही. पुढे वेगवान फिल्म आली आणि चित्र पालटलं. १९५३ मध्ये भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव आठवताना कित्येकांच्या डोळ्यांपुढे आधी फोटोच येतात: आभाळाकडे गेलेला हात, मिटलेले डोळे, मागे शिष्यांचे तानपुरे. ध्वनिमुद्रिकेत हात ऐकू येत नाही.

ते फोटो कोणी काढले तेही बघा. पुण्याच्या सतीश पाकणीकरांचा व्यवसाय औद्योगिक छायाचित्रणाचा, पण गाणं ऐकणारा माणूस त्यांना ओळखतो तो गायक-वादकांच्या प्रकाशचित्रांमुळे. दिल्लीचे अविनाश पसरिचा अनेक वर्षं ‘स्पॅन’ मासिकाचे छायाचित्र संपादक होते. नर्तक आणि गायक-वादकांची त्यांनी जमवलेली चित्रं मात्र आवडीपोटी. दोघेही कॅमेऱ्यावर पोट भरणारे कसलेले लोक, तेव्हा त्यांना आमच्या पंगतीत बसवत नाही. पण मैफलीतलं काम त्यांच्याकडून आवडीने झालं. आजच्या नियमाने विशीतला असा एखादा मुलगा तुमच्या दारातून आतच येणार नाही.

आणखी एक. वर्तमानपत्राला मुख्य कलाकाराचा चेहरा पुरतो. तबलजी कापला जातो, संवादिनीवाला कोपऱ्यात अर्धा उरतो, तानपुऱ्यावरच्या मुलींची नावंही कुठे येत नाहीत. त्याच मुलींपैकी एखादी वीस वर्षांनी तुमच्या महोत्सवाची सांगता करणार असेल. तिचा आजचा फोटो तिच्या आईच्या मोबाइलमध्ये असेल, जांभळा आणि हललेला. सत्राच्या शेवटपर्यंत बसणारा, साथीदारांची नावं विचारून लिहून ठेवणारा माणूस हौशीच असतो, कारण त्याला घाई नसते. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीमखाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीतसभेसारख्या ठिकाणी, किंवा कोकणातल्या एखाद्या देवळाच्या सभामंडपात, मोठ्या दैनिकाचा छायाचित्रकार कितीदा शेवटपर्यंत थांबणार?

जांभळ्याचा विषय निघालाच आहे तर दिव्यांबद्दलही बोलतो. कलाकाराच्या तोंडावर निळा आणि जांभळा एलईडी मारायची फॅशन कोणी आणली माहीत नाही. त्या उजेडात कातडीचा रंग कोणत्याही कॅमेऱ्याला, तुमच्या अधिकृत छायाचित्रकाराच्या महागड्या कॅमेऱ्यालासुद्धा, पकडता येत नाही; माणूस आजारी दिसतो. मागच्या भव्य पडद्यावर प्रायोजकाची जाहिरात हलत असते ती वेगळीच. शिवाय स्वस्त एलईडी मंद केले की ते डोळ्याला न दिसेल इतक्या वेगाने मिचकतात आणि बिनआवाजी शटरने काढलेल्या फोटोवर आडवे पट्टे येतात. समोरून दोन बाजूंनी साधा, उबदार, स्थिर उजेड ठेवा. प्रेक्षकांनाही कलाकार नीट दिसेल. नाहीतरी आमच्या पिढीचे डोळे आता अधू झालेत.

आमच्या बाजूच्या लोकांनाही नियम हवेत, तेही सांगायला हवं. काही जण ग्रीनरूममध्ये घुसतात. काही जण गायकाच्या मुद्रादोषांचेच फोटो निवडून टाकतात. तार सप्तकात चेहरा वाकडा होणारच, तो जगाला दाखवून कोणाचं भलं झालं? गायिकांच्या, नर्तिकांच्या फोटोंखाली समाजमाध्यमांवर जे लिहिलं जातं ते वाचून फोटो काढणाऱ्यालाच लाज वाटावी. तेव्हा ज्या कलाकाराला फोटो नको असेल त्याने आधी सांगावं, तुम्ही सूत्रसंचालकाकडून ते जाहीर करावं, आणि त्या सत्रात कोपरा रिकामा राहावा. लहान मुलांच्या सादरीकरणाला पालकांच्या संमतीशिवाय कॅमेरा नको. ग्रीनरूम पूर्ण बंद. जो मोडेल त्याची नोंदणी रद्द, पुढच्या वर्षीसुद्धा.

शेवटचा विषय नावाचा आणि हक्काचा. कार्यक्रम संपला की तुमच्यापैकीच कोणी येऊन प्रेमाने म्हणतं, “अहो, फोटो पाठवा की!” आम्ही पाठवतो. पुढच्या वर्षी तोच फोटो दहा फुटी फ्लेक्सवर, स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर, कधी प्रायोजकाच्या दिनदर्शिकेत दिसतो. नाव नाही. कोणी चोरी करायला निघालेलं नसतं, फक्त विचार केलेला नसतो. पण कायदा स्पष्ट आहे. फोटो काढणारा हा त्याचा कर्ता. मोबदला देऊन काम सोपवलं असेल तर, वेगळा करार नसल्यास, हक्क काम देणाऱ्याकडे जातो. विनामूल्य पाठवलेल्या फोटोला ते लागू नाही. कर्ता म्हणून नाव सांगायचा हक्क तर मालकी दुसऱ्याला दिल्यावरही उरतो. कलम ५७ वाचा. अलीकडे काही फॉर्मवर ‘काढलेल्या सर्व छायाचित्रांचे सर्व हक्क आयोजकांकडे’ अशी ओळ येऊ लागली आहे. ही फार झाली. त्याऐवजी महोत्सवाच्या प्रसिद्धीसाठी आणि संग्रहासाठी, नावासह, विनामूल्य वापराची परवानगी मागा. मला नाही वाटत कोणी नाही म्हणेल. जाहिरातीसाठी हवा असेल तर वेगळं विचारा.

तिकिटावर जागा थोडी असते, म्हणून मजकूरही देतो. आवडला तर उचला, माझं नाव नको:

“फ्लॅश, व्हिडिओ व थेट प्रक्षेपणास मनाई. सादरीकरण चालू असताना मोबाइलचा पडदा बंद ठेवावा. स्थिर छायाचित्रणासाठी नोंदणी केलेल्यांनाच, ठरलेल्या जागी बसून, बिनआवाजी शटरने, मध्यलयीपासून पुढे परवानगी. कलाकाराचा नकार अंतिम.”

एकदम सगळ्या दिवसांसाठी धीर होत नसेल तर एका सत्रापुरतं करून पाहा, दुपारचं किंवा सकाळचं, जेव्हा मंडप अर्धा रिकामा असतो. सत्र संपल्यावर कलाकाराला, ध्वनियंत्रणेवाल्याला आणि डाव्या बाजूच्या पहिल्या दोन ओळींना विचारा, काही जाणवलं का. त्यांनी जाणवलं म्हटलं तर पुढच्या सत्राला कोपरा बंद करा. आमच्या गावातले चौघे-पाच जण नोंदणीचं टेबल सांभाळायला, नियम समजावून सांगायला आणि सत्रानंतर निवडक फोटो साथीदारांच्या नावांसह तुमच्या हाती द्यायला तयार आहेत. इतर गावांतही निघतील. पत्रिका छापायला जाण्याआधी कळवलंत तर बरं पडेल, रजा टाकायची असते.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक हौशी छायाचित्रकार